सेलच्या आतलं वेल्डिंग आणि पेटंट ऑफिसचा एक्झामिनर

बॅटरी सेलवर पेटंट घ्यायचंय असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, सेलमधल्या नेमक्या कशावर? कारण सोनीने १९९१ मध्ये लिथियम आयन सेल बाजारात आणला तेव्हापासून त्याचा एकही कोपरा मोकळा राहिलेला नाही, केमिस्ट्रीवर अर्ज आहेत, सेपरेटरवर आहेत, झाकणावर आहेत, आणि प्रचंड गर्दी असलेली एक जागा म्हणजे आतली जोडणी, म्हणजे फॉइलमधला करंट बाहेरच्या टर्मिनलपर्यंत न्यायचा कसा आणि ते सांधे वेल्ड करायचे कसे. "आम्ही वेल्डिंग वेगळ्या पद्धतीने करतो, पेटंट मिळेल ना?" असं विचारणाऱ्या, मेहनत करून काहीतरी खरंच शोधलेल्या लोकांसाठी हे लिहितोय. मिळू शकतं. फक्त पेटंट ऑफिसमध्ये त्या अर्जाचं काय होतं हे आधी समजून घ्या, कारण बहुतेक अर्ज जिथे अडकतात ती जागा वेल्डिंग मशीनपाशी नसते, कागदावर असते.

आधी सेल आतून कसा असतो ते बघू. १८६५० नावाचा नेहमीचा सेल घ्या, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर उंची, नावातच माप आहे. आत दोन लांब फॉइलच्या पट्ट्या, एक अ‍ॅल्युमिनियमची आणि एक तांब्याची, दोन्हीवर आपापलं कोटिंग, मध्ये दोन्ही पट्ट्यांना एकमेकींना टेकू न देणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा, म्हणजे सेपरेटर, आणि हे सगळं घट्ट गुंडाळून केलेला रोल, ज्याला जेली रोल म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर एका ठिकाणी कोटिंग सोडून जागा मोकळी ठेवतात, तिथे अ‍ॅल्युमिनियमची टॅब, म्हणजे करंट बाहेर नेणारी छोटी पट्टी, अल्ट्रासॉनिकने (ध्वनीच्या कंपनांनी) वेल्ड करतात आणि नंतर त्या टॅबचं दुसरं टोक वरच्या झाकणाला लेझरने. तांब्याच्या बाजूला निकेलची टॅब, ती डब्याच्या बुडाला जोडायची, पण डब्यात रोल आधीच बसलेला, मग हात कुठून घालणार? तर रोलच्या मधोमध जी बारीक पोकळी असते तिच्यातून वेल्डिंगचा रॉड खाली सोडतात, खालून दुसरा टेकवतात आणि स्पॉट मारतात.

ही पद्धत चांगली चालते पण तिच्यात एक अडचण आहे. सगळा करंट त्या एका टॅबमधूनच जायचा, म्हणजे पट्टीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या इलेक्ट्रॉनला पट्टीची लांबी तुडवत यावं लागतं, वाटेत रेझिस्टन्स, रेझिस्टन्समुळे उष्णता, आणि सेल मोठा केला की पट्टी लांब होते म्हणून त्रास आणखी वाढतो. उपाय असा की टॅबच काढून टाकायची. फॉइलची एक संपूर्ण कड लांबीभर कोटिंगशिवाय ठेवायची, रोल गुंडाळला की ती कड टोकाला चक्राकार उभी राहते, ती दाबून आडवी करायची आणि वर धातूची चकती ठेवून वेल्ड करायची. आता करंटला पट्टीच्या लांबीऐवजी फक्त तिच्या रुंदीएवढंच जायचंय. टेस्लाने सप्टेंबर २०२० मध्ये बॅटरी डेला ४६ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर उंचीचा ४६८० सेल दाखवला, तो या टॅबलेस कल्पनेवरच, आणि त्या कल्पनेवरचा त्यांचा अमेरिकन अर्ज त्याच वर्षी मे महिन्यात प्रसिद्ध झालेला होता.

तेव्हा खूप लोकांना वाटलं की टॅब काढून टाकणं हाच मोठा शोध. पण जुन्या निकेल कॅडमियम सेलमध्ये, जे ड्रिल मशीनमध्ये असायचे, रोलच्या टोकाला चकती वेल्ड करायची पद्धत कितीतरी आधीपासून होती, कारण ड्रिलला एकदम जास्त करंट लागतो. म्हणजे "टोकाला वेल्ड केलेली चकती" एवढं म्हणून आज पेटंट कुणालाच मिळणार नाही, टेस्लालाही नाही आणि चाकणच्या कंपनीलाही नाही. मिळतं ते त्याच्या पुढच्या गोष्टीवर, कड कशी कापली, कशी दुमडली, वेल्ड कुठे आहे, कुठे मुद्दाम नाहीये, आणि त्याने काय साधलं.

आणि तिथे साधण्यासारखं खूप आहे, कारण हे वेल्डिंग फार किचकट काम आहे. तांबं नेहमीच्या इन्फ्रारेड लेझरचा ९० टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवून लावतं, म्हणून जोर वाढवावा लागतो, आणि तांबं वितळायला लागलं की एकदम जास्त ऊर्जा शोषायला लागतं, मग छिद्र पडतं किंवा वितळलेल्या धातूचे कण उडतात. उडालेला एक कण रोलमध्ये पडला आणि सेपरेटर फाडून गेला की आतल्या आत शॉर्ट, आणि अशा सेलची आग विझवणं किती अवघड हे आपण स्कूटरच्या बातम्यांमध्ये बघितलंय. पॉलिइथिलीनचा सेपरेटर साधारण १३० अंशांना मऊ होऊन त्याची छिद्रं बंद होतात, आणि वेल्ड होतंय ते त्यापासून अगदी जवळ. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो तो वेगळा प्रश्न, आणि तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना वेल्ड केलं तर मध्ये ठिसूळ संयुगांचा थर तयार होतो जो धक्क्यांनी तडकू शकतो. यातला प्रत्येक प्रश्न हा एका चांगल्या पेटंटची जागा आहे.

आता अर्ज. समजा चाकणच्या एका छोट्या टीमने ४६८०च्या आकाराचा सेल केला आणि पेटंट टाकलं (ही टीम काल्पनिक आहे, पण असे अर्ज खरेच असतात). महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड इथले अर्ज पेटंट ऑफिसच्या मुंबई शाखेत जातात, ते अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे, पण फायलिंग आता ऑनलाइनच होतं आणि तपासायला अर्ज दुसऱ्या शाखेतल्या एक्झामिनरकडेही जाऊ शकतो. फायलिंगची फी ऑनलाइन १,६०० रुपये, स्टार्टअप, छोटा उद्योग, कॉलेज किंवा एकटी व्यक्ती असेल तर, मोठ्या कंपनीला हीच ८,००० रुपये. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पण अर्ज टाकला म्हणजे तपासणी आपोआप सुरू होते असं नाही, "तपासा" अशी वेगळी विनंती करावी लागते, आधी त्याला ४८ महिने मिळायचे, मार्च २०२४च्या नव्या नियमांनंतरच्या अर्जांना ३१ महिनेच, आणि ती मुदत चुकली की अर्ज मागे घेतला असं धरतात. स्टार्टअप, छोटे उद्योग आणि महिला अर्जदार यांना लवकर तपासणी मागता येते, ती जरूर मागा.

एक्झामिनर सेल हातात घेत नाही. चार्ज करत नाही, आपटून बघत नाही, खिळा टोचत नाही. ते काम दुसरीकडे होतं, उदाहरणार्थ पुण्यात एआरएआय या वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेत, बॅटरीच्या सुरक्षेच्या एआयएस १५६ सारख्या स्टँडर्डप्रमाणे. त्यामुळे "आमचा सेल सगळ्या टेस्ट पास झालाय" हे उत्तर पेटंट ऑफिसमध्ये फारसं उपयोगी पडत नाही, उत्तम सेलला पेटंट नाकारलं जाऊ शकतं आणि सुमार सेलला मिळूही शकतं. एक्झामिनर वाचतो तो तुमचा कागद, आणि त्यातही आधी क्लेम, म्हणजे शेवटची ती नंबर घातलेली लांबलचक वाक्यं ज्यात तुम्ही सांगता की नेमकं एवढं माझं.

आपल्या टीमचा पहिला क्लेम असा धरू: दंडगोल सेल, ज्यात गुंडाळलेला इलेक्ट्रोड रोल आहे, रोलच्या एका टोकाला फॉइलची कोटिंग नसलेली कड आहे, कडेपासून आत सिरॅमिकचा एक पट्टा आहे, आणि त्या कडेला वेल्ड केलेली धातूची चकती आहे. एक्झामिनर हे वाक्य तोडून तुकडे करतो, रोल, कड, पट्टा, चकती, वेल्ड, आणि मग शोधायला बसतो. जगभरच्या पेटंट कागदांना विषयाप्रमाणे कोड लावलेले असतात, बॅटरीचं घर एच०१एम, आणि डब्याच्या आत टॅब किंवा फॉइल वेल्डिंगने जोडण्याची जागा एच०१एम ५०/५३६. सेल एकमेकांना जोडून पॅक बनवताना जे वेल्डिंग होतं त्याचा कोड वेगळा, ५०/५१६, आणि हे दोन गट मनात वेगळे ठेवणं महत्त्वाचं आहे, कारण पॅकवाले बरेचदा आपल्या बसबारच्या (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) वेल्डिंगची तुलना सेलच्या आतल्या वेल्डिंगशी करून उगाच हबकतात. हे कोड टाकून तुम्हीही फुकट शोधू शकता, आपल्या पेटंट ऑफिसच्या इनपासवर किंवा युरोपियन ऑफिसच्या एस्पासनेटवर. दोन संध्याकाळी यात घालवल्या तरी खूप कळतं.

शोधातून समजा दोन जुने कागद निघाले, त्यांना डी१ आणि डी२ म्हणू. डी१ मध्ये टोकाला वेल्ड केलेली चकती आहे, पट्टा नाही. डी२ मध्ये फॉइलच्या कडेजवळ सिरॅमिकचा पट्टा आहे, पण टॅबवाल्या साध्या सेलमध्ये, आणि तो पट्टा फॉइल कापताना राहणाऱ्या धारदार कुसळांपासून सेपरेटर वाचवायला लावलाय. आता एक्झामिनर दोन वेगळे प्रश्न विचारतो आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. पहिला प्रश्न, नवं आहे का? सगळे तुकडे एकाच जुन्या कागदात सापडले तर नवं नाही. इथे एका कागदात सगळं नाहीये, म्हणजे ही पायरी पार झाली. दुसरा प्रश्न जास्त कठीण, की डी१ आणि डी२ दोन्ही माहीत असलेल्या, या धंद्यातल्या साधारण हुशार माणसाला हे आपोआप सुचलं असतं का? आपल्या कायद्यात, म्हणजे १९७०च्या पेटंट अ‍ॅक्टच्या कलम २(१)(जेए) मध्ये, असं म्हटलंय की आधीच्या ज्ञानाच्या पुढे तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं किंवा दोन्ही, आणि त्यामुळे ती गोष्ट जाणकाराला उघड वाटता कामा नये.

यावर सुप्रीम कोर्टाचा जो निकाल आजही प्रत्येक एक्झामिनर आणि वकील काढतो तो भांड्यांच्या कारखान्याचा आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, डिसेंबर १९७८. मिर्झापूरची फर्म, पितळेची भांडी लेथवर घासून साफ करायची, तेव्हा भांडं नीट धरून ठेवायला टोकदार टेलस्टॉक (लेथचा वस्तूला दुसऱ्या बाजूने आधार देणारा भाग) वापरायची युक्ती, त्यावर पेटंट. युक्ती कामाची होती, फिनिशिंग चांगलं यायचं, धोका कमी व्हायचा. पण कोर्ट म्हणालं की टेलस्टॉक जुनाच, तो अशा कामासाठी लावणं ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा झाली, शोध नाही, आणि पेटंट गेलं. बॅटरीवाल्यांनी हा निकाल वाचावाच, कारण "जुना पट्टा जुन्या चकतीसोबत लावला" हे वाक्य एक्झामिनर नेमकं त्याच साच्यात बसवणार. जोडीला कलम ३(डी) येतं, की माहीत असलेल्या प्रोसेसचा नुसता वापर म्हणजे शोध नाही जोपर्यंत त्यातून नवं प्रॉडक्ट निघत नाही, आणि ३(एफ), की आपापलं जुनं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या वस्तूंची नुसती मांडामांड म्हणजे शोध नाही.

हे सगळं फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्टमध्ये येतं, ज्याला सगळे एफईआर म्हणतात. तो आला की लोक खचतात, फोनवर आवाजच बसलेला असतो. खचू नका, आक्षेप नसलेला एफईआर क्वचितच येतो, आणि उत्तराला सहा महिने असतात. उत्तर कसं द्यायचं? ३(एफ)ला उत्तर आहे की पट्टा आणि वेल्ड स्वतंत्र नाहीत, पट्टा आहे म्हणून लेझर जास्त खोल मारता येतो, कारण उष्णता आणि उडालेले कण पट्ट्यापाशी अडतात आणि खोल वेल्डमुळे रेझिस्टन्स कमी होतो, एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून आहे. डी२ला उत्तर आहे की तिथला पट्टा कुसळांसाठी आहे, तिथे चकतीच नाही, त्या जागी वेल्डही नाही, त्यामुळे वेल्डिंगची समस्या सोडवायला कुणी त्या कागदाकडे वळलंच नसतं. म्यूनिकच्या युरोपियन पेटंट ऑफिसमध्ये हाच वाद फार शिस्तीत चालतो, आधी सगळ्यात जवळचा जुना कागद ठरवायचा, मग त्याच्यापासून फरक काय, त्या फरकाने कुठली तांत्रिक समस्या सुटते, आणि मग जाणकाराला हे करता आलं असतं का असं न विचारता त्याने हे केलं असतं का असं विचारायचं. आपल्याकडेही दिल्ली हायकोर्टाने २०१५ मध्ये रोश विरुद्ध सिप्ला या औषधाच्या खटल्यात टप्प्याटप्प्याने तपासायची पद्धत सांगितली आहे, आणि तुमचं उत्तर त्या टप्प्यांच्या क्रमाने लिहिलं तर एक्झामिनरला मुद्दा धरता येतो.

आता खरी गोम. हे वरचं सुंदर उत्तर देता येईल का, ते ठरतं अर्ज टाकला त्या दिवशी. पट्ट्यामुळे लेझर खोल मारता येतो हे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, लिहिलेलं असेल, पट्ट्यासह आणि पट्ट्याशिवाय केलेल्या सेलचे रेझिस्टन्स, ओढून बघितलेल्या वेल्डची ताकद, वेल्ड उभा कापून काढलेले फोटो असं काही दिलेलं असेल तर तुम्ही त्यावर उभे राहता. नसेल तर ते नंतर क्लेममध्ये घुसवता येत नाही. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती म्हणजे काही भाग सोडून देणं, चूक सुधारणं किंवा स्पष्टीकरण, आणि दुरुस्त क्लेम मूळ क्लेमच्या आतच बसला पाहिजे, म्हणजे आकसता येतं, फुगता येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं कारण फ्लोअरवरच्या माणसाला हे सगळं माहीत असतं, वेल्ड कडेपासून अमुक अंतर आत घेतला की कण उडत नाहीत, चकतीला आधी खाच दिली की ती फॉइलवर सपाट बसते, मधल्या वेटोळ्यांना वेल्ड करायचं नाही नाहीतर सेपरेटर आक्रसतो, आणि यातलं एक अक्षरही अर्जात येत नाही कारण ड्राफ्टिंग करणाऱ्याने, म्हणजे अर्जाचा मसुदा लिहिणाऱ्याने, त्याला कधी विचारलंच नाही. कलम १०(४) तसंही सांगतं की तुम्हाला माहीत असलेली उत्तम पद्धत लिहिलीच पाहिजे.

"वेल्ड केलेला" या शब्दाबद्दल थोडं, कारण यावर नेहमी वाद होतो. तुम्ही वस्तूवर क्लेम केलाय, मग वेल्ड करणं ही तर क्रिया, एक्झामिनर म्हणू शकतो की वस्तू कशी बनवली याने मला फरक पडत नाही. अमेरिकेत याचं उत्तर १९६९च्या गार्नेरो नावाच्या निकालापासून आहे, तिथे कोर्टाने म्हटलं की "वेल्ड केलेला", "दाबून बसवलेला", "एचिंग केलेला" (रसायनाने कोरलेला) असे शब्द वस्तूची रचना सांगणारे म्हणूनही वाचता येतात. आणि ते शास्त्राला धरून आहे, वेल्डमध्ये दोन धातू वितळून एक झालेला भाग खरंच उरतो, मायक्रोस्कोपखाली दिसतो, नुसत्या दाबून धरलेल्या सांध्यात तो नसतो. म्हणून क्लेममध्ये नुसतं "लेझरने वेल्ड केलेला" लिहून सोडू नका, तो वितळलेला भाग कुठून कुठे जातो, किती खोल, कुठल्या थरांमधून, ते लिहा.

याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे जर्मनीच्या वार्टाचे बटण सेल, वायरलेस इअरबडमध्ये असतात ते. जुन्या बटण सेलमध्ये इलेक्ट्रोडच्या चकत्या एकावर एक ठेवून डबा दाबून बंद करायचे. वार्टाने त्या एवढ्याशा डबीत गुंडाळलेला रोल बसवला, रोलमधून निघणारी फॉइलची पट्टी रोल आणि डबीच्या पत्र्याच्या मध्ये सपाट ठेवली, आणि वेल्ड बाहेरून, पत्र्यातून आरपार लेझर मारून केला, म्हणजे डबी बंद झाल्यावरही वेल्ड करता येतो. यात रोल जुना, फॉइल जुनी, लेझर जुना. पण वेल्डचे ठिपके बाहेरच्या पत्र्यातून आत गेलेले आहेत ही रचना वेगळी, आणि ती तयार सेलवर ओळखू येते. या पेटंटांच्या जोरावर वार्टाने २०२० मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टात सॅमसंगसकट काही कंपन्यांवर दावे लावले.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण यात चांगले चांगले अर्ज बुडालेत. अर्ज टाकायच्या आधी वेल्डचा व्हिडिओ लिंक्डइनवर टाकला, प्रदर्शनात कापलेला सेल मांडला, पेपर वाचला, तर तुमचीच माहिती तुमच्याविरुद्ध जुना कागद म्हणून येऊ शकते. अमेरिकेत स्वतःच्या प्रसिद्धीला एक वर्षाची सूट आहे, आपल्याकडे कलम ३१ मधली सूट फार अरुंद आहे, सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन वगैरे मोजक्या प्रसंगांपुरती, आणि तिथेही १२ महिन्यांत अर्ज टाकावा लागतो. आणि अर्ज प्रसिद्ध झाल्यावर पेटंट मिळेपर्यंत कुणीही, अगदी कुणीही, विरोध नोंदवू शकतं, कलम २५(१) खाली, त्यामुळे तुमचा स्पर्धक तुमचा जुना व्हिडिओ शोधून देणार नाही या भरवशावर राहू नका.

उत्तर देऊनही एक्झामिनरचं समाधान झालं नाही तर हिअरिंग लागतं, हल्ली व्हिडिओवरच होतं, तिथे कंट्रोलर, म्हणजे निर्णय देणारा अधिकारी, ऐकतो आणि त्यानंतर लेखी म्हणणं द्यायचं. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, मिळाल्याच्या तारखेपासून नाही. आणि त्याने हक्क मिळतो तो दुसऱ्याला थांबवायचा, स्वतः बनवायचा परवाना तो नव्हे, तुमच्या सेलमध्ये दुसऱ्या कुणाची चकती असेल तर त्याचं पेटंट तुम्हाला लागू राहतंच.

म्हणून ड्राफ्ट फायनल करायच्या आधी एक गोष्ट करा, प्रत्येक क्लेम घेऊन विचारा की समोरच्याने हे वापरलं तर मला त्याच्या विकत घेतलेल्या सेलमध्ये ते दिसेल का? "लेझरची पॉवर हळूहळू वाढवत नेली" हे कुणाच्याही सेलमध्ये दिसत नाही, ते त्याच्या कारखान्यात राहतं. वेल्डची रेघ चकतीच्या मध्यापासून किती अंतरावर सुरू होते, पट्टा कुठे संपतो, कडेची किती वेटोळी वितळलीत, हे सीटी स्कॅनमध्ये नाहीतर सेल सुरक्षितपणे उघडून कापल्यावर मोजता येतं. पहिला क्लेम अशा मोजता येणाऱ्या गोष्टीवर ठेवा, पद्धतीचा क्लेम त्याच्या मागे.